हनुगत अर्बुद : अमेलोब्लास्टोमा – निदान, सापेक्ष निदान आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

दाढ दुखते, हिरडी सुजली आहे, गाल फुगला आहे, अशी गाऱ्हाणी घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात नित्य येतो. शंभरातील बहुतेक रुग्णांत किडलेली दाढ, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ किंवा हिरडीतील पू हेच कारण सापडते. योग्य उपचार झाला की आठ-पंधरा दिवसांत रुग्ण बरा होतो. परंतु क्वचित असा एखादा रुग्ण येतो की ज्याच्या जबड्यास सूज असते, पण वेदना नसते, ज्वर नसतो, पूही नसतो. सूज महिनोन्‌महिने अगदी हळूहळू वाढत राहते. दुखत नसल्यामुळे रुग्ण निर्धास्त असतो, आणि पुष्कळदा त्याला तपासणाराही निर्धास्त राहतो.

अशा सुजेमागे असणाऱ्या व्याधींपैकी एक महत्त्वाचा व्याधी म्हणजे अमेलोब्लास्टोमा. दात घडविणाऱ्या पेशीसमूहापासून उत्पन्न होणारे हे जबड्यातील अर्बुद आहे. ते कर्करोग नव्हे. तथापि त्याचे वर्तन निरुपद्रवीही नव्हे. प्रस्तुत लेखात या व्याधीचे स्वरूप, आयुर्वेदीय दृष्टीने त्याचा विचार, सापेक्ष निदान आणि आपल्यासारख्या व्यवसायी वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे त्याबाबतचे कर्तव्य यांचा विचार केला आहे.

नाव आणि इतिहास

अर्वाचीन वैद्यकात या अर्बुदाचे पहिले वर्णन १८२७ साली क्युसॅक यांनी केल्याचे मानले जाते. १८८५ मध्ये मॅलासे या फ्रेंच संशोधकाने त्यास ‘अ‍ॅडमँटिनोमा’ या अर्थाचे नाव दिले. हे नाव कठीणपणा सुचविणारे असल्याने दिशाभूल करणारे होते, कारण या अर्बुदात प्रत्यक्ष एनॅमल, म्हणजे दंतवल्क, तयार होतच नाही. १९३० साली आयव्ही व चर्चिल यांनी ‘अमेलोब्लास्टोमा’ हे नाव सुचविले व तेच रूढ झाले. ‘अमेल’ म्हणजे एनॅमल आणि ‘ब्लास्टॉस’ म्हणजे अंकुर. एनॅमल घडविणाऱ्या अंकुरापासून झालेले अर्बुद असा त्याचा सरळ अर्थ.

हा व्याधी विरळ आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक किंवा त्याहूनही कमी नवे रुग्ण आढळतात. तरीही दंतोत्पादक पेशींच्या अर्बुदांमध्ये त्याचे स्थान वरचे आहे. आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत तर या वर्गात तोच प्रथम क्रमांकावर दिसतो. स्त्री-पुरुष प्रमाण जवळजवळ समान असते. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात, म्हणजे कुटुंबाचा भार खांद्यावर असण्याच्या काळात, तो अधिक आढळतो. सुमारे ८० टक्के रुग्णांत तो खालच्या जबड्यात असतो, आणि त्यातही मागील दाढा व जबड्याचा वर वळणारा भाग हे त्याचे आवडते स्थान आहे.

दंतोत्पत्ती आणि अर्बुदाची उत्पत्ती

गर्भावस्थेत सहाव्या आठवड्याच्या सुमारास मुखातील आवरणपेशींची एक पट्टी आतील ऊतीत शिरते. तिच्यावर कळ्यांसारखे फुगवटे येतात. प्रत्येक कळी म्हणजे एका भावी दाताचा अंकुर. या कळीची पुढे टोपी व नंतर घंटा यांसारखी आकृती होते. घंटेच्या आतील थरातील उंच, स्तंभाकार पेशी एनॅमल घडवितात. दात पूर्ण झाला की या पेशींचे काम संपते. तथापि पट्टीचे व आवरणाचे काही कण हिरडीत व दाताच्या मुळाभोवती आयुष्यभर निद्रिस्त राहतात. या अवशिष्ट कणांपासून, न उगवलेल्या दाताभोवती झालेल्या पुटिकेच्या अस्तरापासून किंवा मुखाच्या आवरणाच्या तळपेशींपासून हे अर्बुद उत्पन्न होते, असे मानले जाते.

या पेशी जाग्या का होतात, याचे उत्तर अलीकडे बरेचसे मिळाले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, खालच्या जबड्यातील बहुसंख्य अर्बुदांत ‘बीरॅफ’ नावाच्या जनुकात एक विशिष्ट बदल, तर वरच्या जबड्यातील अनेक अर्बुदांत ‘स्मूदंड’ या जनुकात बदल असल्याचे दिसून आले. पेशीला ‘वाढ’ असा आदेश देणारी यंत्रणा या बदलांमुळे सतत चालू राहते. जबड्यास पूर्वी मार लागला होता, असे पुष्कळ रुग्ण सांगतात. परंतु तो मार म्हणजे व्याधीचे कारण, असे सिद्ध झालेले नाही. बहुधा त्या मारामुळे रुग्णाचे लक्ष आधीच असलेल्या सुजेकडे जाते, इतकेच.

आयुर्वेदीय विचार

‘अमेलोब्लास्टोमा’ यास संहितेतील अमुक एक नाव द्यावे, असा आग्रह आम्ही धरत नाही. प्रत्येक व्याधीस निश्चित नाव असतेच असे नाही आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने संकोच करू नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातच सांगितले आहे. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून कर्म करावे, हा त्यांचा उपदेश येथे मार्गदर्शक ठरतो.

अधिष्ठानाचा विचार प्रथम करू. सुश्रुताचार्यांनी अस्थींचे पाच प्रकार सांगितले, त्यांत दात हे ‘रुचक’ अस्थी होत. शार्ङ्गधरांनी दातास अस्थीचा उपधातू म्हटले आहे. अस्थिप्रदोषज विकारांत अध्यस्थी व अधिदंत यांची गणना आहे. म्हणजे अस्थिधातू व दात यांच्या ठिकाणी अतिवृद्धीचा विकार होऊ शकतो, ही कल्पना आपल्या ग्रंथकारांना अपरिचित नव्हती.

सुश्रुतांनी निदानस्थानात मुखरोग ६५ सांगितले : ओष्ठाचे ८, दंतमूलाचे १५, दंताचे ८, जिह्वेचे ५, तालूचे ९, कंठाचे १७ आणि सर्वसर ३. दंतमूलगत व्याधींतील ‘अधिमांस’ हा आपल्या विषयास स्थानाने सर्वांत जवळचा. हनूच्या शेवटच्या दाढेपाशी मोठा शोथ, तीव्र वेदना आणि लालास्राव ही त्याची लक्षणे असून तो कफज मानला आहे. त्यामुळे काही लेखक अमेलोब्लास्टोमास अधिमांस म्हणून मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. अधिमांसात रुजा तीव्र आहे, तर येथे रुजा जवळजवळ नाहीच. अक्कलदाढेवरील हिरडी सुजून होणाऱ्या विकाराशी अधिमांसाचे साम्य अधिक आहे.

लक्षणसाम्याने पाहता हा व्याधी अर्बुदाच्या वर्णनाशी जुळतो. गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, मोठे, खोल व विस्तृत मूळ असलेले, दीर्घकाळाने वाढणारे आणि न पिकणारे असे अर्बुदाचे वर्णन सुश्रुतांनी केले आहे. कफ व मेद यांचे आधिक्य आणि दोषांची स्थिरता यांमुळे अर्बुद पिकत नाही, असे कारणही त्यांनी दिले आहे. अमेलोब्लास्टोमाचे रुग्ण पाहताना या प्रत्येक विशेषणाचा प्रत्यय येतो. विशेषतः ‘खोल व विस्तृत मूळ’ या शब्दांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे अर्बुद दिसते त्याहून पुढे पोहोचलेले असते. हाडाच्या सच्छिद्र भागातील पोकळ्यांत त्याचे सूक्ष्म कोंब शिरलेले असतात आणि क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या सीमेच्या पलीकडे काही मिलिमीटरपर्यंत त्याच्या पेशी सापडतात.

चिकित्सास्थानात सुश्रुतांनी याहून मोलाची गोष्ट सांगितली आहे. अर्बुद काढताना शेष राहिले तर ते लवकरच पुन्हा उद्भवते. म्हणून ते निःशेष काढावे. अष्टविध शस्त्रकर्मांत अर्बुदाची गणना छेद्य व्याधींत आहे. या एका विचारावर आजची चिकित्सा उभी आहे, हे पुढे दिसेल. त्याचबरोबर मर्मावर वा स्रोतसात झालेले, स्रवणारे आणि न हलणारे अर्बुद त्यांनी असाध्य कोटीत घातले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जबड्याच्या हाडातील अर्बुद त्या काळी याच कोटीत गेले असते. संज्ञाहरण, रक्ताचा पुरवठा व अस्थिरोपण यांमुळे ते आज साध्य झाले आहे.

लक्षणे

१. जबड्याची हळूहळू वाढणारी, कठीण, वेदनारहित सूज. चेहऱ्याची एक बाजू भरल्यासारखी दिसते. रुग्णाचे चार-पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र मागवून तुलना केल्यास फरक तत्काळ कळतो.

२. हाड गालाच्या बाजूस तसेच जिभेच्या बाजूसही फुगते. हे दोन्हीकडे फुगणे महत्त्वाचे आहे.

३. हाडाचे कवच अतिशय पातळ झाले असता बोटाने दाबल्यावर अंड्याचे टरफल चुरल्यासारखी जाणीव होते. पुढील अवस्थेत काही जागी मऊपणा लागतो.

४. दात हलू लागतात, सरकतात किंवा वाकडे होतात. न किडलेली दाढ तरुण वयात आपोआप हलू लागणे ही धोक्याची सूचना समजावी.

५. कवळी किंवा दातांची पकड पूर्वीसारखी बसत नाही.

६. दाढ काढल्यानंतरची जखम दीर्घकाळ भरत नाही, किंवा भरून तेथेच पुन्हा फुगवटा येतो.

७. वरच्या जबड्यात असल्यास नाक चोंदणे, गाल वर येणे अशी लक्षणे उशिरा दिसतात. तेथील हाड पातळ, तर नाकाची पोकळी, डोळ्याची खोबण व कवटीचा तळ जवळ असल्याने हे स्थान अधिक अवघड होय.

खालच्या ओठास बधिरता येणे या व्याधीत सहसा आढळत नाही. ती असल्यास, विशेषतः वेगाने वाढणारी सूज, वेदना किंवा व्रण यांसह असल्यास, मारक अर्बुदाची शंका घ्यावी. तंबाखू-मशेरीची सवय असलेल्या रुग्णांत तर हे कधीही विसरू नये.

परीक्षण

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे पुरेशी शंका उत्पन्न करते. मात्र ती नीट केली पाहिजे. रुग्णास उजेडात बसवून समोरून, तसेच मागे उभे राहून वरून, दोन्ही गालफडांची तुलना करावी. एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेर ठेवून जबड्याची खालची कड चाचपावी. दात मोजावेत, एखादी दाढ कमी असेल तर ती काढली आहे की उगवलीच नाही, हे विचारावे. मानेतील ग्रंथी पाहाव्यात.

यानंतर ‘ओपीजी’ हे संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र काढवून घ्यावे. हे चित्र आता तालुक्याच्या ठिकाणीही सहज निघते आणि खर्चही अल्प येतो. नेहमीच्या प्रकारात साबणाच्या फेसासारखे मोठे किंवा मधाच्या पोळ्यासारखे लहान कप्पे दिसतात, तर दाढांची मुळे झिजून आखूड झालेली आढळतात. एककोशी प्रकारात एकच गोल काळी पोकळी दिसते, व तीत बहुधा न उगवलेली अक्कलदाढ असते. हाडाचे कवच फुटले आहे काय आणि व्याप्ती किती, यासाठी सीटी स्कॅन करावा लागतो.

अंतिम निर्णय मात्र बायोप्सीनेच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या स्तंभाकार पेशी कुंपणातील खांबांप्रमाणे ओळीने उभ्या दिसतात आणि त्यांचे केंद्रक तळापासून दूर सरकलेले असते. ही लक्षणे विकर्स व गॉर्लिन यांनी १९७० साली नेमकेपणाने मांडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार नेहमीचा, एककोशी, अस्थिबाह्य आणि दूरवर पसरणारा असे प्रकार मानले गेले. २०२२ च्या वर्गीकरणात ग्रंथिसदृश असा आणखी एक प्रकार स्वतंत्र धरला आहे. व्यवहारात पहिले दोन आपणास जाणून घेणे पुरेसे आहे. एककोशी प्रकार तरुण वयात, पुष्कळदा विशीच्या आत-बाहेर, होतो आणि तुलनेने सौम्य असतो.

सापेक्ष निदान

अक्कलदाढेचा शोथ किंवा विद्रधी : वेदना, ज्वर, तोंड उघडण्यास त्रास, पू. काही दिवसांचा इतिहास.

दंतकोश पुटिका : न उगवलेल्या दाताच्या मानेस चिकटलेली एकच पोकळी. एककोशी अमेलोब्लास्टोमापासून केवळ चित्रावरून वेगळी ओळखणे कठीण.

केराटिनयुक्त पुटिका : हाडाच्या लांबीच्या दिशेने पसरते, त्या मानाने बाहेर फुगत नाही.

ओडोंटोमा : चित्रात दातासारखे पांढरे तुकडे दिसतात.

अ‍ॅडिनोमॅटॉइड अर्बुद : बहुधा किशोरवयीन मुलींत, वरच्या जबड्याच्या पुढील भागात, न उगवलेल्या सुळ्याभोवती.

मायक्सोमा : कप्प्यांच्या भिंती सरळ, टेनिसच्या जाळीसारख्या.

महापेशी विकृती : तरुणांत, जबड्याच्या पुढील भागात अधिक. अशी विकृती आढळल्यास रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड यांची तपासणी आवश्यक.

तंतुमय अस्थिविकृती : घासलेल्या काचेसारखी धूसर छाया.

रक्तवाहिन्यांची विकृती : ठोके, उष्णता किंवा हिरडीतून अकारण रक्तस्राव. अशा ठिकाणी दाढ उपटणे किंवा छेद घेणे प्राणघातक ठरू शकते.

शेवटचा मुद्दा ध्यानी ठेवूनच आम्ही सांगतो की, कारण न कळलेल्या जबड्याच्या सुजेत सुई टोचणे, छेद देणे, जळू लावणे, क्षार किंवा अग्निकर्म करणे यांपैकी काहीही चिकित्सालयात करू नये.

रुग्णवृत्त

आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाचा वृत्तांत येथे संक्षेपाने देत आहोत. वय ३६ वर्षे, पुरुष, साखर कारखान्यात नोकरी, घरात पत्नी, दोन लहान मुले व वृद्ध आई. डाव्या खालच्या गालफडास चार वर्षांपासून सूज. प्रारंभी एक दाढ हलू लागली म्हणून ती काढण्यात आली. जखम तीन महिने भरली नाही. पुढे ‘हाड वाढले आहे’ असे समजून लेप चालू होते. दुसऱ्या वर्षी एका खाजगी ठिकाणी जबडा उघडून आतील भाग खरवडून काढण्यात आला. परंतु काढलेला भाग तपासणीस पाठविल्याचा कोणताही कागद रुग्णापाशी नव्हता. दीड वर्षात सूज परतली. त्यानंतर आठ महिने त्याने ‘गाठ विरघळविणारे’ म्हणून मिळालेले, वेष्टनावर नाव-पत्ता नसलेले चूर्ण घेतले.

तपासणीत सूज दोन्ही बाजूंस फुगलेली, कठीण, एका जागी टरफलासारखी चुरणारी होती. वेदना नव्हती, ओठास बधिरता नव्हती, मानेत ग्रंथी नव्हत्या. ओपीजीमध्ये उपदाढेपासून कानाखालच्या भागापर्यंत साबणफेसासारखे कप्पे दिसले आणि जबड्याची खालची कड कागदासारखी पातळ झालेली होती. आम्ही त्यास शासकीय दंत महाविद्यालयात पाठविले. बायोप्सीत अमेलोब्लास्टोमाचे निदान झाले व जबड्याचा तेवढा भाग पूर्ण काढावा लागेल, असे सांगण्यात आले.

त्या संध्याकाळी रुग्णाचा थोरला भाऊ आमच्याकडे आला. “डॉक्टरसाहेब, हाडच कापायचं म्हणतात. माणसाचं तोंडच जाणार हो. तुमच्या औषधानं जिरवता येत नाही का? वर्ष लागू दे, दोन वर्षं लागू देत, आम्ही पथ्य पाळू.” आम्ही त्यांना ओपीजी उजेडासमोर धरून दाखविला. “दादा, ही खालची रेघ पाहा. एवढंच हाड उरलंय. औषधाची वाट पाहत बसलो, तर ऊस खाताना एक दिवस जबडा मोडेल. हे मुळासकट काढायचं, असं आमचं शास्त्रच सांगतं. काढल्यावर अंगात ताकद भरायचं काम आमचं.” घरातील सर्वांशी, विशेषतः रुग्णाच्या पत्नीशी, दोनदा बोलावे लागले. तिचा प्रश्न एकच होता : “हे पुन्हा कामावर जातील ना?”

शस्त्रकर्मात जबड्याचा रोगग्रस्त भाग निरोगी कडेसह काढण्यात आला आणि पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घेऊन त्याजागी बसविण्यात आले. पाचव्या महिन्यात रुग्ण कामावर रुजू झाला. सुरुवातीचे काही महिने चालताना पाय जड वाटत असे. तो त्रास गेला. तीन वर्षांच्या वार्षिक ओपीजीत पुनरुद्भव नाही. भाकरी अजून तो दुधात किंवा आमटीत कुस्करूनच खातो.

या वृत्तांतातील बोध स्पष्ट आहे. पहिली दाढ हलली तेव्हाच एक ओपीजी निघता, तर कदाचित जबड्याची खालची कड राखून केवळ वरचा भाग काढणे पुरले असते. चार वर्षांच्या वेदनारहित काळाने त्या रुग्णाची ती संधी घालविली.

चिकित्सा

शस्त्रकर्म हीच मुख्य चिकित्सा आहे. केवळ खरवडून काढल्यास नेहमीच्या प्रकारात अर्ध्याहून अधिक रुग्णांत अर्बुद परत येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून क्ष-किरण चित्रातील सीमेपलीकडे साधारण १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासह ते काढले जाते. खालची कड पुरेशी निरोगी असल्यास ती राखता येते, अन्यथा जबड्याचा सलग तुकडा काढावा लागतो. एककोशी प्रकारात अर्बुद पुटिकेच्या आतल्या बाजूपुरतेच असल्यास मर्यादित शस्त्रकर्म चालते. भिंतीत शिरले असल्यास नेहमीच्या प्रकाराप्रमाणे वागावे लागते. शेष राहिल्यास पुनरुद्भव, हा सुश्रुतांचा सिद्धांत येथे आकड्यांनी सिद्ध झाला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

किरणोपचारास हे अर्बुद फारसा प्रतिसाद देत नाही. ‘बीरॅफ’ बदलावर नेमका घाला घालणाऱ्या औषधांनी काही रुग्णांत अर्बुद आकसल्याचे वृत्तांत आहेत. परंतु ती अद्याप नित्याची चिकित्सा झालेली नाही.

पुनरुद्भवांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या पाच वर्षांत होतात. तथापि दहा वर्षांनंतरही अर्बुद परतल्याची उदाहरणे आहेत. म्हणून किमान दहा वर्षे, शक्य तर आजन्म, वार्षिक तपासणी आवश्यक ठरते. शस्त्रकर्म करणारा सर्जन बदलतो, रुग्णालय दूर राहते. गावातील वैद्य मात्र तोच राहतो. ही आठवण देण्याचे काम आपले आहे.

वैद्याचे कार्य

शस्त्रकर्मापूर्वी : रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी, त्यात आपली औषधेही, सर्जनास लेखी द्यावी. गुग्गुळ कल्प, लसूण, हळदीचे सत्त्व यांसारखी रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकणारी औषधे त्यांच्या सल्ल्याने आधीच थांबवावीत. रसकल्प देण्याचा मोह टाळावा. जबडा पातळ झालेला असल्यास ऊस दाताने सोलणे, भाजलेले चणे-फुटाणे, अक्रोड-सुपारी फोडणे पूर्ण वर्ज्य करावे.

शस्त्रकर्मानंतर : नळीने आहार चालू असेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. सर्जनाची अनुज्ञा मिळाल्यावर पेज, मुगाचे कढण, खिमट, नाचणीची आंबील, दूध-तूप अशा क्रमाने अग्नी पाहून आहार वाढवावा. टाके निघून व्रण भरल्यानंतर यष्टिमधु किंवा त्रिफळा क्वाथाने कोमट गंडूष उपयुक्त आहे. वेदनाशामक औषधे व अल्पाहार यांमुळे मलावष्टंभ होतो, त्यासाठी सौम्य अनुलोमन द्यावे. अस्थिपोषणार्थ क्षीर-घृत, तसेच अस्थिशृंखला, लाक्षादी गुग्गुळ यांचा परंपरागत उपयोग आपणा सर्वांस ज्ञात आहे. ही योजना रक्तस्रावाचा काळ सरल्यावर आणि सर्जनास कळवून करावी.

कांचनार गुग्गुळाविषयी वारंवार विचारणा होते. ग्रंथी-अर्बुद-अपची यांच्या चिकित्सेत या कल्पाचे स्थान मोठे आहे, हे मान्य. परंतु त्यामुळे अमेलोब्लास्टोमा नाहीसा झाला, असे दाखविणारा पुरावा नाही. शस्त्रकर्माऐवजी तो देणे म्हणजे अर्बुदास जबडा पोखरण्यास मुदत देणे होय.

कोठे पाठवावे, हा प्रश्न ग्रामीण भागातील वैद्यांपुढे असतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय आणि गोमंतकातील वैद्यबंधूंसाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे मुख व जबडा शल्य विभाग आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल काय, याची चौकशी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शस्त्रकर्म ठरण्यापूर्वीच करण्यास रुग्णास सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

पुष्कळ रुग्ण प्रथम वैद्याकडे न जाता औषधाच्या दुकानात जातात. लवंग तेल, दंतमंजन, वेदनाशामक गोळी किंवा ‘गाठीवरचे काही’ मागणारा तोच ग्राहक दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याच्या गालाकडे एकदा निरखून पाहावे आणि “आधी जबड्याचा फोटो काढून घ्या” एवढे वाक्य सांगावे. त्या एका वाक्याने एखाद्याचा जबडा वाचू शकतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोगाबरोबर अर्बुदांचाही समावेश आहे. ‘कोणतीही गाठ विनाशस्त्रक्रिया बरी’ अशा आशयाचे फलक, पत्रके किंवा वेष्टने दुकानात ठेवू नयेत. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक व घटक नसलेली चूर्णे तर विकूच नयेत. त्यांत कोणते भस्म किती आहे, हे विकणाऱ्यासही माहीत नसते.

सारांश

१. जबड्याची वेदनारहित, हळू वाढणारी सूज पंधरा दिवसांच्या उपचाराने उतरली नाही, तर ओपीजी काढल्याशिवाय पुढील औषध देऊ नये.

२. न किडलेली दाढ हलणे आणि दाढ काढल्यावर जखम न भरणे ही दोन लक्षणे विशेष लक्षात ठेवावीत.

३. जबड्यातून काढलेला कोणताही भाग तपासणीस गेला पाहिजे. तो अहवाल रुग्णास जपून ठेवण्यास सांगावे.

४. अर्बुद निःशेष काढणे हीच चिकित्सा. औषधी चिकित्सा ही बलरक्षण व व्रणरोपणासाठी.

५. वार्षिक तपासणी किमान दहा वर्षे.

विरळ व्याधी वैद्याच्या आयुष्यात एक-दोनदाच समोर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो ओळखावा लागतो. दुखत नाही ते निर्दोष आहे, असे मानण्याची सवय मोडणे हाच या अभ्यासाचा हेतू. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्याकडील अशा रुग्णांची ओपीजीसह नोंद ठेवावी, म्हणजे पुढील अभ्यासास तिचा उपयोग होईल.